खुर्द आहे, मग बुद्रुक कुठंय?

एक अख्खं शहर मोडकळीला आणायला मला तीन आठवडे लागले. रोज रात्री सगळं आवरलं की दीडेक तास, आणि त्यातला पहिला आठवडा नुसता नाव ठरवण्यात गेला.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ आहे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये काढलेला, टेबलाभोवती बसून खेळायचा. बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार, आणि एकजण डीएम होतो. डीएम म्हणजे नाटकाचा लेखक, दिग्दर्शक, पडदा ओढणारा आणि उरलेल्या सगळ्या भूमिका करणारा असा एकच माणूस, फक्त इथले नट संवाद पाठ करून येत नाहीत आणि मनात आलं की चालू प्रवेशातून उठून विंगेत काय ठेवलंय ते बघायला जातात. आमच्यात डीएम मी. का, तर पहिल्या दिवशी नियमांचं पुस्तक माझ्याकडे होतं. बास, एवढंच कारण. आणि हे पद सोडता येत नाही, सोडते म्हटलं की सगळे एकदम संशय येण्याइतकं गोड बोलायला लागतात.

सुरुवातीला खेळणारे सात होते. आता साडेतीन. बार्बेरियन, म्हणजे माझी मैत्रीण, जी दिवसभर लोकांचे टॅक्स रिटर्न भरते आणि शनिवारी कुऱ्हाड उचलते. पॅलादिन, म्हणजे माझा धाकटा मावसभाऊ, धर्मयोद्धा वगैरे, ह्याचा चांगुलपणा खेळातही उतू जातो. चोर, जो खरा इंजिनिअर आहे आणि तेच दुखणं आहे. आणि अर्धा तो जादूगार, व्हिडिओ कॉलवर येतो, कॅमेरा बंद ठेवतो आणि दर वीस मिनिटांनी "काय झालं आत्ता?" विचारतो. बाकी तिघांपैकी एकाची बदली झाली, एकीला बाळ झालं आणि एकजण "पुढच्या शनिवारी नक्की" म्हणत म्हणत विरघळला.

माझं शहर गॉब्लिनांचं, म्हणजे ह्या खेळातल्या बुटक्या, किरकोळ राक्षसांचं. त्यांचंच का, तर मला त्यांची दया येते. २०१४ च्या नियमांत साध्या गॉब्लिनला सरासरी ७ हिट पॉइंट आहेत, म्हणजे तेवढा मार बसला की खेळ खलास. जादूगाराचा फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, त्याचा मार सहा बाजूंचे आठ फासे टाकून ठरतो, सरासरी २८. म्हणजे एका फायरबॉलमध्ये एकच गॉब्लिन हिशोबाने चार वेळा मरतो. नवीन खेळाडू आला की ह्यांच्यावर हात साफ करून घेतो, पण बाबांनो तुम्ही राहता कुठे, पाणी कुठून आणता, म्हातारपणी काय करता, हे कुणी विचारलेलं मी तरी बघितलं नाही.

म्हणून वाचायला बसले आणि वाहवत गेले, जुना रोग आहे. जर्मन खाणकामगारांची एक भानगड सापडली. त्यांना खाणीत चांदीसारखं, तांब्यासारखं दिसणारं खनिज मिळायचं, हौसेने भट्टीत टाकलं की ना चांदी ना तांबं, नुसता विषारी धूर, कारण त्यात आर्सेनिक. मग हे म्हणायचे की खाणीतल्या भुतांनी, म्हणजे कोबोल्डांनी, खरा माल पळवून हा कचरा ठेवला. पुढे १७३० च्या दशकात गेऑर्ग ब्रांट या स्वीडिश केमिस्टने त्याच कचऱ्यातून नवा धातू काढला तो कोबाल्ट, आणि १७५१ मध्ये क्रोनस्टेटने दुसऱ्या कचऱ्यातून काढला तो निकेल, तेही असल्याच एका खोडकर भुताचं नाव. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीत २७ आणि २८ नंबरला दोघं शेजारी शेजारी बसलीयत. शाळेत ती सारणी घोकून घेतली आमच्याकडून, पण मधे भुतं आहेत हे कोणी सांगितलं नाही, नाहीतर मी केमिस्ट्रीत पास तरी झाले असते.

तर माणसांनी खापर फोडलं असल्या भुतांवर. पण खाण गॉब्लिनांचीच असेल आणि तिच्यातली चांदी संपली, तर त्यांनी कुणावर फोडायचं? रात्री पावणेबाराला माझी ट्यूब पेटली. माणसांवर! अख्ख्या शहराची ठाम समजूत, की खाणीत माणूस शिरलाय. आज्या नातवंडांना दटावतात, झोप मुकाट्याने, नाहीतर गुळगुळीत तोंडाचा माणूस येईल. एवढी खूश झाले की ग्रुपवर टाकणारच होते, मग आठवलं हे त्यांच्यापासूनच लपवायचंय.

खरी कटकट पुढे. पडकं शहर करायला अक्कल लागत नाही, चार सांगाडे टाका, कोळिष्टकं लावा, झालं. पण पडत चाललेल्या शहरात लोक राहात असतात हो. त्यांना सकाळी कामाला जायचं असतं. रोमचंच घ्या, भरात असताना वस्ती दहा लाखांच्या घरात, ५३७ मध्ये गॉथ टोळ्यांनी वेढा घालून पाण्याचे कालवे तोडले, वस्ती घटत घटत काही हजारांवर आली, पण कोणी एके दिवशी शटर ओढून "रोम बंद आहे" अशी पाटी नाही लावली. लोक राहातच होते आणि कोलोसियमच्या दगडांना धरून ठेवणारे लोखंडी आकडे उपसून नेत होते, त्याची भोकं अजून दिसतात. मला हे फार आवडलं. माझ्या शहरातही मग तसंच, पुलाचं लोखंड काढून पाण्याचा पंप दुरुस्त केलाय, जिन्याच्या पायऱ्या काढून पूल, आणि दोन लिफ्टपैकी एक मोडून वेशीचा दरवाजा. काहीतरी मोडल्याशिवाय काहीच दुरुस्त होत नाही. शिवाय तिसऱ्या आळीत जमिनीखाली कोळसा पेटलाय, तो विझवायची फाईल तयार आहे, फक्त ती तिसऱ्या आळीतल्या ऑफिसात आहे.

आणि नाव. भारदस्त, घशातून येणारं, ऐकूनच चिलखत घालावंसं वाटेल असं. ग्राझनाखुर्द. देवाशप्पथ सांगते, लिहिताना मला काहीही खटकलं नाही.

शनिवार उजाडला. दिवे मंद केले, पाठीमागे गुहेत पाणी ठिबकल्याचा आवाज लावला, आणि दोन पानांचं वर्णन वाचलं. डोंगराच्या पोटात सात मजली शहर, काळवंडलेल्या साखळ्या, वरच्या मजल्यांवर विझलेल्या खिडक्या, एकेकाळच्या वैभवाची वगैरे. शेवटचं वाक्य जरा थांबून, आवाज खाली घेऊन म्हटलं, "हेच ते... ग्राझनाखुर्द."

शांतता. मला वाटलं, जमलं.

"खुर्द आहे," बार्बेरियन म्हणाली, "मग बुद्रुक कुठंय?"

"हे तसलं खुर्द नाहीये."

"तसलं नाही म्हणजे काय? खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं, फारसीतून आलंय. धाकटं आहे म्हणजे थोरलं असणारच."

"ताई," पॅलादिनचा चेहरा पडला, "म्हणजे हे मेन शहर नाहीचे का? आपण चुकीच्या ठिकाणी आलोय?"

"काय झालं आत्ता?" जादूगार.

तीन आठवडे. कोबाल्ट, निकेल, रोम, सगळं माझ्या वहीत तसंच, आणि मी वैतागून बोलून गेले, "आहे, डोंगरापलीकडे आहे बुद्रुक. सगळे तिकडेच गेलेत."

आता हे कुठून आलं मला विचारू नका. पण टेबलावर परत शांतता झाली आणि ही वेगळी होती. चोराने मोबाईल खाली ठेवला.

"सगळे?"

"ज्यांना जमलं ते."

मग वेशीवरचा कारकून आला. ह्याचं सोंग मी चांगलं वठवते, नाकात बोलते, शिक्का उमटत नाही म्हणून तीन-तीनदा मारते. त्याने पॅलादिनचा गुळगुळीत चेहरा बघितला आणि किंकाळी फोडून टेबलाखाली गेला. आजूबाजूचे गॉब्लिन राख उधळायला लागले, एकाने पोराचे डोळे झाकले. आमच्या भावाला कळेचना. ह्याचं पात्र म्हणजे साक्षात पुण्यात्मा, गावोगावी लोक ह्याच्याकडून आशीर्वाद घेतात. "ताई, मी भूत आहे?" "त्यांच्या दृष्टीने हो." समजूत काढायला त्याने वीस बाजूंचा फासा टाकला. तीन पडले. राख अजून आली.

मधे तिसऱ्या आळीतल्या आगीवरून चोर अडला. इतकी वर्षं जमिनीखाली आग जळेलच कशी, ऑक्सिजन कुठून येणार, लॉजिक नाही. मी म्हटलं पेन्सिल्व्हेनियात सेंट्रेलिया नावाचं गाव आहे, तिथे खाणीतली आग १९६२ पासून पेटलेली आहे, गाव जवळजवळ रिकामं झालं, आग आहेच. त्याने शोधून खात्री केली, मग फोटो बघितले, मग सगळ्यांना दाखवले, जादूगाराला लिंक पाठवली, अर्धा तास गेला. मी नुसती बसून होते, गुहेतलं पाणी ठिबकत होतं.

आणि मग लिफ्ट. खरं तर लिफ्ट माझ्या वहीत दोन ओळींची होती. सातव्या मजल्यावर जुनी टांकसाळ, तिथे खजिना, राक्षस, सापळे, तीन आठवड्यांतला दीड आठवडा त्यात गेलेला. लिफ्ट फक्त वर जायला. एका साखळीच्या दोन टोकांना दोन पिंजरे, एक खाली आला की दुसरा वर जातो. पूर्वी वरच्या बोगद्यांतलं खनिज दिवसभर खाली यायचं आणि त्याच्या वजनावर गॉब्लिनं फुकटात वर जायची.

"हे बरोबर आहे," चोर पहिल्यांदाच खूश झाला. "पण आता खनिज नाही."

"नाही."

"म्हणजे वर जायचं तर कोणीतरी खाली यायला पाहिजे."

"हो."

"पण वर कोणी राहातच नाही!"

मी लिफ्टवाल्या म्हाताऱ्याचा आवाज काढला. "बसा ना. सातव्यावरची आजी आहे एक. मंगळवारी उतरते कधीकधी."

"आज कोण वार?"

मी फासा टाकला. "बुधवार."

जिने? जिन्याच्या पायऱ्या पुलाला लावल्यात, सांगितलं ना. शेवटी चोर साखळीला लोंबकळत सात मजले चढला, फासा सतरा, आणि वरच्या ओसाड घरांचे दगड पिंजऱ्यात भरायला लागला. खालून कारकून ओरडला, उतरणाऱ्या मालाची नोंद लागते! मला वाटलं बार्बेरियन आता कुऱ्हाड काढेल. तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "फॉर्म दाखव." पाऊण तास. मी तोंडाला येतील ते रकाने सांगत होते आणि ती माझ्याच रकान्यांत विसंगती काढत होती, दगड हा माल धरायचा की घराचा भाग, घर ओसाड असेल तर मालक कोण. म्हटलं अगं दिवसभर हेच करतेस ना तू? तर म्हणे, हो, पण इथला कारकून माझं ऐकून घेतोय.

रात्री साडेअकराला ते सातव्या मजल्यावर पोचले. समोर तीस पावलांवर टांकसाळीचं दार. आणि दाराच्या अलीकडे ती आजी, जी मी दीड तासापूर्वी वार सांगण्यापुरती जन्माला घातली होती. पॅलादिनने अर्थातच तिची चौकशी केली. मुलगा बुद्रुकला असतो म्हणाली. मग खाली का नाही जात आजी, एकट्या कशाला राहता? "उतरेन रे," मी म्हटलं, म्हणजे आजी म्हणाली, "पण परत चढणार कशी?"

झालं. टांकसाळ गेली खड्ड्यात. मी तीनदा आडून आडून सुचवलं की दाराआडून घुरघुरण्याचा आवाज येतोय, एकाने वळून बघितलं नाही. चोराने कागद घेऊन वजनाचं गणित मांडलं. आजी गाठोड्यासकट इतकी, पॅलादिन चिलखतासकट इतका, ब्रेक एवढा धरायचा. आजी खाली असेल तेव्हा पॅलादिन वर थांबणार, तिला वर यायचं झालं की हा खाली जाणार, मग साखळीने परत वर चढणार. "रोज?" मी विचारलं. "रोज," तो म्हणाला, अगदी शपथ घेतल्यासारखा. पाचव्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांनी पण विचारणा केली, ती कुठून आली मला माहीत नाही, माझ्याच तोंडून आली. जादूगाराने, त्या रात्रीचं पहिलं आणि शेवटचं काम, साखळीला वंगण घालायचा मंत्र म्हटला.

सेशन संपताना लिफ्टवाल्याने जुनी फळी पुसून खडूने नवीन लिहिलं: लिफ्ट चालू आहे. माणूस असल्यास.

माझी टांकसाळ अजून तशीच आहे, राक्षस आत उपाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर चोराने सगळी हकीकत टाकली, गणिताच्या फोटोसकट. दुपारी त्या विरघळलेल्याचा मेसेज आला, कितीतरी महिन्यांनी. म्हणे, मीही बहुतेक बुद्रुकलाच गेलो असणार, मला परत यायला जमेल का?

मी लिहिलं, लिफ्टपाशी येऊन थांब. आणि तुझं वजन कळव.