११.८ दिसले म्हणून एसएमपीएस भंगारात काढू नका

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या ग्रुपांवर एसएमपीएसबद्दल (पीसीतला पॉवर सप्लाय, घरच्या लाइटपासून १२, ५ वगैरे व्होल्ट बनवणारा डबा) एक फॉरवर्ड फिरतोय: "सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टऐवजी ११.८ दिसले की एसएमपीएस गेला. खात्री करायची तर हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून मल्टिमीटर लावा, बरोबर १२ आले तर माल उत्तम. घरची लाइट वरखाली होत असेल तर आतले व्होल्टही हलणारच."

आधी ११.८. एटीएक्स या डेस्कटॉप एसएमपीएसच्या मानकात १२ व्होल्टला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४० ते १२.६०. ११.८ ही दोन टक्क्यांचीही घट नाही. प्रोसेसरला १२ व्होल्ट थेट जातच नाहीत; मदरबोर्डवरचं व्हीआरएम (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) त्यातून साधारण एक-सव्वा व्होल्ट बनवतं आणि एवढा फरक सहज पचवतं.

बरं, तो आकडा तरी खरा कशावरून? बोर्डावरची चिप १२ व्होल्ट थेट मोजत नाही. दोन रेझिस्टरनी ते कमी करून तिला दिले जातात, मग सॉफ्टवेअर गुणाकार करून मूळ आकडा काढतं. गुणक चुकला की १२ चे ८ दिसतात. खरोखर ८ असते तर मशीन चालूच राहिलं नसतं!

क्लिपची चाचणी तर याहून फसवी. तिच्यातून एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं, कारण त्याच्यावर लोडच नसतो. मोजायचं ते चालू मशीनवर: मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या) कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर, आधी नुसत्या डेस्कटॉपवर, मग जड गेम चालवून. (प्रोबची टोकं एकमेकांना लागू देऊ नका.) १२.१ चे ११.९ झाले तर बिनधास्त राहा, ११.४ च्या खाली गेले तर एसएमपीएस बदला. ५ व्होल्टची लाल वायरही तपासा. जुन्या स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्टचं नियंत्रण एकत्रच असतं, त्यामुळे १२ वर लोड आला की १२ चे व्होल्ट उतरतात आणि ५ चे वाढतात. तिथली मर्यादा ५.२५.

तरीही एक गोष्ट मल्टिमीटरला दिसतच नाही: रिपल. डीसीवर ठेवलेला मीटर सरासरी दाखवतो. कपॅसिटर सुकले की सरासरी १२ च राहते, पण तिच्यावरची थरथर वाढते. मानकात तिला १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टची आणि ५ व्होल्टवर ५० ची मर्यादा आहे. मोजायला ऑसिलोस्कोप लागतो.

घरच्या लाइटचं म्हणाल, तर २३० व्होल्टसाठी बनलेल्या एटीएक्स एसएमपीएसने १८० ते २६४ पर्यंत आउटपुट सांभाळायचंच असतं. लाइट गेल्यावर मात्र तो फुल लोडवर जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागला तर पीसी रीस्टार्ट होईल, आणि त्यात एसएमपीएसचा दोष नाही.

मीटरवर सगळं ठीक, पण गेम चालू होताच पीसी बंद पडतोय? तर कुणाचा तरी तेवढ्याच वॅटचा, चांगला चालणारा एसएमपीएस लावून पाहा.