घड्याळ आहे, इमारत नाही

कॅनडातल्या किचनर शहरात व्हिक्टोरिया पार्कमध्ये गॉकल स्ट्रीटच्या बाजूने शिरताना एक घड्याळाचा मनोरा लागतो. नवीन माणसाला तो बागेच्या शोभेसाठी बांधला असावा असे वाटते. मलाही पहिली दोन वर्षे तसेच वाटत होते. प्रत्यक्षात तो १९२४ साली बांधलेल्या जुन्या नगरभवनाच्या माथ्यावरचा मनोरा आहे. ते नगरभवन १९७३ मध्ये पाडले गेले आणि मनोरा तेवढा १९९५ मध्ये या बागेत पुन्हा उभा राहिला. मागच्या उन्हाळ्यात नाशिकहून आमचे मामा आले होते. मी त्यांना मोठ्या कौतुकाने ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "म्हणजे वाडा पाडला आणि दिंडी दरवाजा बागेत नेऊन ठेवला म्हण की." गेली अठरा वर्षे या शहराच्या डाऊनटाऊनबद्दल मी जे काही ऐकत आणि वाचत आलो आहे, त्यात इतके नेमके वाक्य मला सापडलेले नाही.

ते नगरभवन कोणी चोरपावलांनी पाडले नव्हते. १९७१ मध्ये त्यासाठी मतदान झाले आणि नागरिकांनी बहुमताने पाडण्याच्या बाजूने कौल दिला. त्या काळच्या लोकांना मूर्ख ठरवणे मला पटत नाही. १९६०च्या दशकात शहराभोवती जलदगती मार्ग झाला, दक्षिणेला फेअरव्ह्यू पार्कचा मॉल निघाला, गाडी उभी करायला फुकट जागा मिळू लागली आणि डाऊनटाऊनमधल्या किंग स्ट्रीटवरचे गिऱ्हाईक तिकडे वळले. तेव्हा डाऊनटाऊन वाचवायचे तर डाऊनटाऊनमध्येच मॉल आणा, हा विचार सरळच होता. त्यातून मार्केट स्क्वेअर उभे राहिले, त्यात इटन्सचे मोठे दुकान आले, आणि शनिवारचा शेतकरी बाजार त्या मॉलच्या पोटात गेला. जे नगरभवन पाडले, त्याच्याऐवजी दुसरे नगरभवन मात्र १९९३ पर्यंत आले नाही. पुढे इटन्स गेले आणि त्याच्यामागे मॉलही गेला. आज त्या इमारतीत प्रामुख्याने कार्यालये आहेत. घर सांभाळण्यासाठी देवघर विकावे आणि शेवटी घरही राहू नये, तशातली ही गत झाली.

या शहराला स्वतःची ओळख पुसण्याची सवय जुनी आहे, असे मी कधी कधी चेष्टेने म्हणतो. १९१६ पर्यंत याचे नाव बर्लिन होते. जर्मन वंशाच्या लोकांनी वसवलेले, फर्निचर, बटणे, चामडे आणि रबर यांच्या कारखान्यांवर पोसलेले हे गाव पहिल्या महायुद्धात अडचणीत सापडले आणि नाव बदलण्यासाठी मतदान झाले. नवे नाव निवडण्याच्या फेरीत अवघी ८९२ मते पडली आणि ३४६ मतांवर 'किचनर' निवडून आले. मी मूळचा देवळालीचा असल्यामुळे या नावाशी माझे जरा वेगळे नाते आहे. याच लॉर्ड किचनरने हिंदुस्थानचा सरसेनापती असताना १९०५ मध्ये आमच्या देवळालीत लष्कराचे स्टाफ कॉलेज सुरू केले होते, जे दोनच वर्षांत क्वेट्ट्याला हलले. इथे घर घेतल्याचे वडिलांना फोनवर कळवले, तेव्हा पत्ता ऐकून त्यांना हसू आवरेना.

आता मुद्द्यावर येतो. २००४ मध्ये महापालिकेने डाऊनटाऊनसाठी ११ कोटी डॉलरचा निधी उभा केला, आणि तो सुशोभीकरणात न उधळता संस्था आणण्यासाठी मोठ्या प्रमाणात वापरला. किंग आणि व्हिक्टोरिया या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एकेकाळच्या रबर कारखान्याच्या जागेवर, वॉटर्लू विद्यापीठाची औषधनिर्माणशास्त्राची शाळा आली. त्यासाठी शहराने जागा दिली आणि ३ कोटी डॉलरही दिले. समोरच्या कॉफमन कारखान्यात पूर्वी बूट तयार होत. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांचे वास्तुरचनाकार अल्बर्ट कान यांनी आखलेल्या त्या इमारतीत घरे झाली. लँग टॅनरी या चामड्याच्या जुन्या कारखान्यात २०१० मध्ये कम्युनिटेक ही नव्या तंत्रज्ञान कंपन्यांना हात देणारी संस्था आली, आणि २०१६ मध्ये गूगलने ब्राइटहॉप्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे पुन्हा एका जुन्या रबर कारखान्यातच, आपले कार्यालय थाटले. २१ जून २०१९ रोजी आयन ही लाइट रेल सुरू झाली. एकोणीस किलोमीटरच्या त्या मार्गाने किचनर आणि शेजारचे वॉटर्लू यांची डाऊनटाऊन एका दोरीत ओवली गेली. २००७ मध्ये मी इथे आलो, तेव्हा संध्याकाळी सहानंतर किंग स्ट्रीटवर चिटपाखरू नसे. आज तिथे रात्री दहा वाजताही कुत्र्याला फिरवायला निघालेली माणसे दिसतात. हे सगळे उगाच झाले असे म्हणणारा माणूस एकतर तेव्हा इथे नव्हता, किंवा त्याची स्मरणशक्ती सोयीस्कर आहे.

या यादीतली एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. जे जे चांगले म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो, ते बहुतेक सगळे जुन्या कारखान्यांच्या भिंतींआड घडले आहे. त्या इमारती कोणी दूरदृष्टीने जपल्या होत्या असेही नाही. धंदे बुडाल्यावर त्या पाडून नवे बांधावे एवढा पैसा त्या काळी कोणाला तिथे गुंतवायचा नव्हता, म्हणून त्यांतल्या बऱ्याच वाचल्या. जमिनीला भाव आला तसे चित्र उलटले. किंग स्ट्रीटवरचे जुने मेफेअर हॉटेल वर्षानुवर्षे रिकामे पडून राहिले, त्यात पाणी झिरपून आतले बांधकाम कुजले, आणि २०१५ मध्ये ते धोकादायक ठरवून पाडले गेले. दुर्लक्ष करून इमारत पाडता येते, आणि त्यासाठी कोणाकडे परवानगीही मागावी लागत नाही.

राहण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या नव्या उंच मनोऱ्यांना माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण अशी पोस्ट लिहिली की लगेच "मग लोकांनी राहायचे कुठे?" हा प्रश्न येतो, आणि तो रास्तच आहे. २०२१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या २ लाख ५७ हजारांच्या घरात होती, ती वाढतच चालली आहे, आणि शेतजमिनीवर पसरण्यापेक्षा रेल्वेच्या थांब्याजवळ उंच बांधणे केव्हाही शहाणपणाचे. इमारत एकोणचाळीस मजली असो की नऊ मजली, फुटपाथवरून चालणाऱ्याला पहिले चार मीटरच दिसतात. माझी तक्रार त्या चार मीटरबद्दल आहे.

कोणीही करून पाहावा असा एक प्रयोग सांगतो. किंग स्ट्रीटवर क्वीन स्ट्रीटच्या आसपास, जिथे अजून जुन्या दोन-तीन मजली विटांच्या इमारती रांगेने उभ्या आहेत, तिथे शंभर पावले चाला आणि दुकानांची दारे मोजा. मग एखाद्या नव्या मनोऱ्याच्या पायथ्याशी तेवढीच पावले चाला. पहिल्या ठिकाणी माझी मोजणी आठ-दहाच्या खाली कधी आली नाही: केस कापणारा, व्हिएतनामी नूडल्स, जुनी पुस्तके, मोबाइल दुरुस्ती, इथिओपियन खानावळ, आणि मध्येच एखादे बंद पडलेले दार. दुसऱ्या ठिकाणी लिफ्टकडे जाणारी काचेची लॉबी, पार्किंगमध्ये उतरणाऱ्या रस्त्याचे शटर, आणि एक भला मोठा गाळा, ज्याच्या काचेवर 'भाड्याने देणे आहे' असा फलक उन्हाने विटेपर्यंत टांगलेला असतो. त्या गाळ्याचे भाडे बँकेला किंवा साखळी दुकानालाच परवडते, आणि बँका तर आता शाखा कमी करत आहेत. पंधरा फूट रुंदीचा, मागे मोरी आणि वर माळा असलेला गाळा बांधायला कोणी तयार नाही, कारण कर्ज देणाऱ्याला दहा छोट्या भाडेकरूंपेक्षा एक मोठे नाव कागदावर बरे दिसते.

शहराची ओळख म्हणून आपण जे शोधतो, ते मला या रुंदीत आणि या भाड्यात सापडते. नुसती दर्शनी भिंत राखून तिच्यामागे काचेचा मनोरा चढवणे ही मला वारशाची जपणूक वाटत नाही; कातडे पेंढा भरून ठेवले म्हणून वाघ जिवंत राहत नाही. उलट, 'किचनरची खरी ओळख जर्मन आहे, ती परत आणा' म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. ऑक्टोबरफेस्ट हा इथला जर्मन उत्सव मला मनापासून आवडतो, पण वर्षातून एकदा निघणाऱ्या मिरवणुकीवर रस्ता जगत नाही. शनिवारी सकाळी किंग स्ट्रीट ईस्टवरच्या बाजारात जाऊन पाहावे. २००४ पासून तो स्वतःच्या इमारतीत भरतो. खाली शेतकरी मधाच्या आणि मेपल सिरपच्या बाटल्या मांडून बसलेले असतात, सॉसेज कापून कागदात गुंडाळून दिले जात असते, आणि वरच्या मजल्यावर तव्यावर पुपुसा थापल्या जात असतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा सौ. म्हणाली, "ही तर आपली भाकरीच थापतायत!" जर्मन माणसाचा बाजार आणि साल्वादोरी बाईचा तवा एका छपराखाली नांदतात, कारण तिथला ठेला लहान आहे आणि परवडतो. नव्याने आलेल्या माणसाचे पहिले दुकान कधीही नव्या इमारतीत निघत नाही.

महामारीनंतर कार्यालये ओस पडली, त्याचा फटका दुपारच्या जेवणावर चालणाऱ्या खानावळींना बसला. काही काळ आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी डाऊनटाऊन गजबजवून सोडले. २०२४ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या शिक्षण परवान्यांवर मर्यादा घातली आणि ती गर्दीही ओसरली. तंबूत राहणाऱ्या बेघरांबद्दल आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर जे लिहिले जाते, ते वाचून मला अनेकदा लाज वाटते. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने, निवाऱ्याच्या पुरेशा जागा नसताना व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या तंबूंतून लोकांना हुसकावता येणार नाही असे सांगितले, त्यात कायद्याचा कीस न पाडताही समजण्यासारखे बरेच आहे. डाऊनटाऊनमध्ये भीती वाटते म्हणणाऱ्यांना मी खोटे ठरवत नाही. पण बंद शटरच्या लांबच लांब भिंतीशेजारून रात्री चालताना मला जास्त भीती वाटते, आणि ती शटरे बेघरांनी ओढलेली नाहीत.

करता येण्यासारखे बरेच आहे. उंचीची जादा परवानगी देताना तळमजल्यावर ठरावीक रुंदीचे छोटे गाळे बांधण्याची अट घालता येईल, आणि त्यांतले काही महापालिकेने स्वतः घेऊन नव्या दुकानदारांना रास्त भाड्याने द्यावेत. ओंटारिओत एकेकाळी व्यापारी जागा रिकामी ठेवणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सवलत मिळत असे. हे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांना ते खरेच वाटेना. आता उलट दिशेने जाऊन, वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवलेल्या गाळ्यावर जादा आकारणी का करू नये? आणि चार्ल्स स्ट्रीटवरचे जुने बसस्थानक: २०१९ मध्ये तिथल्या बसगाड्या गेल्या, एवढी मोठी सार्वजनिक जागा किंग स्ट्रीट आणि बाग यांच्या मधोमध आहे. तिथे काहीही बांधा, पण आधी तळमजल्याचा नकाशा लोकांसमोर ठेवा. मनोऱ्याचे रंगीत चित्र नंतर दाखवले तरी चालेल.

माझ्या कार्यालयाजवळ एक शिंपी होता, पोर्तुगीज, सत्तरीच्या आतबाहेरचा. गाळा इतका अरुंद की दोन गिऱ्हाइके आली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचे. हिवाळ्यात तो दार थोडे उघडून हातानेच 'पाच मिनिटे' अशी खूण करी. तीन वर्षांपूर्वी ती इमारत विकली गेली आणि त्याला जागा सोडावी लागली. त्या जागेवर अजून काही उभे राहिलेले नाही, नुसते कुंपण आहे. शिंपी आता शहराच्या टोकाला एका स्ट्रिप मॉलमध्ये बसतो. परवा मुलाची पँट आखूड करायची होती, म्हणून गाडी काढून वीस मिनिटांवर गेलो. जागा प्रशस्त आहे, बसायला चार खुर्च्या आहेत, समोर पार्किंगही भरपूर आहे. खुर्च्या रिकाम्या होत्या. "तिकडे लोक जाता जाता शिरायचे," तो टाचण्या तोंडात धरूनच म्हणाला, "इथे जाता जाता कोणी नसतं."