खुलासा : वासराची हगवण आणि जंताची गोळी

जळगाव-धुळ्याकडच्या पशुपालकांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतोय : ‘आठ-दहा दिवसांच्या वासराला पिवळी पातळ हगवण लागली की दूध तोडा, जंताची गोळी आणि अँटिबायोटिक द्या.’ तो चुकीचा आहे.

या वयातल्या हगवणीमागे बऱ्याचदा क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी असतो. तो जंत नव्हे, त्यामुळे अल्बेंडाझोलसारख्या जंतनाशकाला दाद देत नाही. तो जीवाणूही नव्हे. उगाच दिलेलं अँटिबायोटिक आतड्यात नुकते रुजू लागलेले उपयोगी जीवाणूच मारतं. (पारडांना दुधातून येणारे गोल जंत ही वेगळी बाब, तिथे जंतनाशक लागतंच.) ताप असेल, वासरू मलूल असेल, तर अँटिबायोटिकचा निर्णय डॉक्टरांचा.

वासरू मरतं ते पाणी आणि क्षार निघून गेल्याने. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा; दोन सेकंदांत सपाट झाली नाही, डोळे खोल गेले, तर पाणी कमी झालंय. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर कोमट पाण्यातच कालवा, दुधात नको. दुधात कालवलं तर दूध पोटात नीट साकळत नाही. दूध चालूच ठेवा, थोडं थोडं. ओआरएस दूध पाजल्यावर दोन तासांनी. चोखणंच बंद झालं तर सलाइनशिवाय इलाज नाही.

फिनाइलने या परजीवीची बीजं मरत नाहीत. ओला पेंढा काढा, जागा उकळत्या पाण्याने धुऊन कडक वाळवा. खान्देशातलं एप्रिलचं ऊन इथे फुकटचं औषध! हात साबणाने धुवा, हा आजार माणसालाही होतो.