लाल रेघ म्हणजे हद्द नव्हे
लंडनच्या जमीनजुमल्याच्या दाव्यांत मुरलेल्या बॅरिस्टरबाईंवरचा लेख आवडला. पण या मंडळींचं खरं कसब कागद वाचण्यात, कोर्टातलं भाषण नंतरचं. इथे रेडिंगला कुंपणावरून शेजाऱ्याशी माझं फाटलं. लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे सरकारी जमीन-नोंदणी खात्याच्या, नकाशावरची लाल रेघ नाचवत मी गेलो, तर बॅरिस्टर म्हणाले, "ही ढोबळ आहे, जुनं खरेदीखत आणा." त्यात फुटांत माप सापडलं, तेही शेजाऱ्याच्या बाजूचं! गप्प बसलो, फी मात्र गेलीच.

लेखात 'पाय विरुद्ध ग्रॅहम' हा खटला हवा होता. बर्कशरमधली पन्नासहून जास्त एकर जमीन निव्वळ १२ वर्षांच्या वहिवाटीने मालकाच्या हातून गेली, २००२ साली. आता नोंदणीकृत जमिनीवर असा दावा आला की मालकाला आधी नोटीस जाते.