पेपर अवघड गेला

भाच्याने फोनवर सांगितलं होतं, "मामा, त्रिनिदादमध्ये खाण्याची अजिबात चिंता करू नका. इथे रोटी आहे, चना आहे, आलू आहे, भाजी आहे. तिघांतला एक माणूस आपल्यासारखाच दिसतो." त्यावर विसंबून मी बॅगेतून थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट बाहेर काढलं. बायकोने ते परत आत ठेवलं. ती रत्नागिरीची आहे. स्वतः चाखल्याशिवाय ती कोणाच्या शब्दावर जात नाही.

परदेशात मेनूकार्डातलं काहीच कळलं नाही की माणूस सावध असतो. चार प्रश्न विचारतो, शेजारच्याच्या ताटात डोकावतो. त्रिनिदादमध्ये शब्द सगळे ओळखीचे निघतात आणि घात तिथेच होतो.

घड्याळ साडेनऊ तास मागे गेल्यामुळे पहिल्या दिवशी पहाटे चारलाच जाग आली. सहा वाजता भाचा आम्हाला शगवानस शहरातल्या एका कोपऱ्यावर 'डबल्स' खायला घेऊन गेला. मोठी छत्री, चण्यांचं पातेलं, कापडात गुंडाळून ऊबदार ठेवलेल्या बाऱ्यांची पेटी, आणि भोवती टाय लावलेले कारकून, एक पोलीस, दप्तरवाली पोरं, सगळे उभ्याने खाणारे. बारा म्हणजे आपले दहा-बारातले बारा नव्हेत. हळद घातलेल्या मैद्याची, तळहाताएवढी, मऊ तळलेली पुरी. दोन बारा आणि त्यावर सरबरीत छोले. १९३०च्या दशकात प्रिन्सेस टाउनच्या डीन कुटुंबाने हा पदार्थ विकायला सुरुवात केली. आधी एकाच बाऱ्यावर चना मिळायचा, गिऱ्हाइकं "डबल कर" म्हणू लागली आणि तेच नाव चिकटलं. त्यामुळे एक घेतला तरी तो 'एक डबल्स'. हे व्याकरण भाचा मला दुसऱ्यांदा समजावत असतानाच आमचा नंबर आला.

डबल्सवाल्याच्या हातात एक चौकोनी कागद होता. त्यावर त्याने फटाफट बारा टाकला, चना टाकला आणि मान वर न करता विचारलं, "स्लाइट पेपर?"

आता मराठी माणसाला 'पेपर' म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. एक सकाळी दारात पडतो, दुसरा मार्चमध्ये फुटतो. इथे तर समोर साक्षात कागदच होता. चण्याचा रस बोटांवरून मनगटाकडे निघालेले चार लोक मी आजूबाजूला पाहत होतो. एवढ्याशा कागदाने माझं काय होणार? मी ठामपणे म्हणालो, "नो, नो. नॉट स्लाइट. फुल पेपर."

आता त्याने मान वर केली. "फुल पेपर, अंकल?"

"येस, प्लीज. व्हेरी मेसी, नो?"

त्याने भाच्याकडे पाहिलं. भाचा नेमका तेव्हा मामीला कुचेला दाखवत होता. कुचेला म्हणजे कच्च्या कैरीच्या किसाचं लोणचं. मामी त्याचा वास घेऊन, मोहरी कोणती वापरली असेल याचा अंदाज बांधत होती. डबल्सवाल्याने एका बाटलीतून पिवळट काहीतरी चमच्यात घेतलं, चण्यावर पसरलं, पुन्हा घेतलं, पुन्हा पसरलं. मला वाटलं, मोहरीची चटणी असावी. माणूस उदार दिसतो.

पहिला घास गेला. दोन सेकंद छान गेली. मग जिभेवर कोणीतरी स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मी सांगलीचा. परमुलखात तिखट लागलं म्हणून खाणं टाकलं, ही बातमी कोल्हापूरला कळली असती तर पुन्हा त्या बाजूला जायची सोय नव्हती. डोळ्यांतून पाणी येत असताना मला का कोण जाणे, गावसकर आठवले. १९७१ साली याच बेटावर, पोर्ट ऑफ स्पेनला, वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. सरदेसाईंचे ११२, पदार्पण करणाऱ्या गावसकरांचे ६५ आणि नाबाद ६७. वडिलांनी हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते. हेल्मेटशिवाय उभं राहणं म्हणजे काय, ते मला त्या सकाळी कळलं. मीही क्रीज सोडली नाही. दुसरा घास घेतला.

तिसऱ्याला रिटायर्ड हर्ट झालो.

डबल्सवाला भला माणूस. त्याने लगेच काकडी पुढे केली, आणि शेजारच्या गाडीवरून एकाने थंडगार तपकिरी पेयाचा ग्लास आणून दिला. गार चहासारखं दिसत होतं. मी घटाघटा प्यायलो. सुरुवातीला गोड लागलं, देवाचे आभार मानले. मग घशाच्या मागच्या बाजूने आजी हातात काडेचिराईताचा काढा घेऊन उभी राहिली. त्या पेयाला 'माबी' म्हणतात. झाडाची साल मसाल्याबरोबर उकळून, साखर घालून करतात. वरून गोड, तळाशी कडू. आता तोंड वरून पेटलेलं आणि खालून कडू अशी अवस्था झाली.

"मामा, इथे पेपर म्हणजे मिरची," भाचा म्हणाला. ही माहिती वेळेच्या बाबतीत थोडी मागेच पडली. मी उचक्या देत असताना तो पुढे सांगत होता, की ही तर साधी रोजची मिरची. दक्षिणेला मोरुगा नावाचं गाव आहे. तिथली 'स्कॉर्पियन' २०१२ साली न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या मिरची संस्थेने जगात सर्वांत तिखट ठरवली होती, सरासरी १२ लाख स्कोव्हिलच्या वर. स्कोव्हिल म्हणजे तिखटपणा मोजायचं माप. परीक्षा झाल्यावर गेटपाशी उभं राहून पेपर किती सोपा होता ते सांगणारा एक हुशार मुलगा प्रत्येक वर्गात असतो. आमच्या घराण्यात तो हा.

बायकोने शेजारी उभं राहून 'स्लाइट'वाले दोन खाल्ले होते. "चिंच बरी आहे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहू लागलो. 'बेक' नावाची रोटी भाजत नाहीत, तळतात. 'फिग' अंजीर नाही, केळं आहे. 'टी' म्हणजे कुठलंही गरम पेय, त्यात कोकोही आला. आणि "जस्ट नाऊ" म्हणजे आत्ता सोडून कधीही. हे शेवटचं कळायला एका खानावळीत पाऊण तास गेला.

रोटीच्या दुकानात मात्र बायकोचाही पाय घसरला. काउंटरमागच्या बाईने मोठ्या तव्यावरून एक पातळ, लुसलुशीत पोळी उचलली. कडेला फाटली तिथून पिवळीधमक, भुरभुरीत डाळ डोकावली. बायकोने माझा दंड धरला. "अगं बाई, पुरणपोळी!" तिने तिथल्या तिथे साजूक तुपाची चौकशी केली. पहिल्या घासाला जिरं आणि लसूण लागल्यावर तिचा जो चेहरा झाला, तो लग्नात मानपानावरून तिच्या काकांचा झाला होता. ती होती दालपुरी. बाईला वाटलं पाहुणीला आवडलं नाही, म्हणून तिने मायेने वर बोकडाची करी वाढली.

दालपुरीचा काय दोष म्हणा. ३० मे १८४५ला 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून गिरमिट्यांची, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांची, पहिली तुकडी घेऊन या बेटावर लागलं. १९१७पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं उसाच्या मळ्यांसाठी आली, त्यातली बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली. ३० मेला आजही तिथे सुट्टी असते. भोजपुरी बोलणारे आता फार उरले नाहीत, पण चुलीपाशी ती शिल्लक आहे. डाळीला फोडणी द्यायला अजून 'चौंके' म्हणतात, कारलं 'कराइली' आहे आणि तिथल्या कोथिंबिरीसारख्या रानपाल्याला 'बनधनिया' म्हणतात. ते बोलताना सगळं इंग्रजीच्या सुरात येतं, त्यामुळे आपल्याला आधी वाटतं मुळीच कळलं नाही, मग वाटतं सगळं कळलं. दोन्ही चूक.

रत्नागिरीचं खरं राज्य सुरू झालं ते कलालूपासून. तिथे 'डशीन' नावाची पानं मिळतात. बायकोने ती गाडीतूनच ओळखली. "अळू." डेबे नावाच्या गावात रस्त्याच्या कडेला त्याच पानांना पीठ लावून, गुंडाळून, तळलेला 'साहिना' मिळतो. तिने चार खाल्ले आणि "गूळ विसरलेत" असा निकाल दिला. कलालू म्हणजे तर अळूचं फदफदंच, त्यात भेंडी, लाल भोपळा आणि नारळाचं दूध, आणि ते चक्क रवीसारख्या लाकडी दांड्याने घुसळतात. मी शहाणा झालो होतो. आधीच विचारलं, "एनी मीट?"

"नो मीट, डार्लिंग," वाढणारी बाई म्हणाली. "ओन्ली क्रॅब."

वाटीतून एक नांगी वर आली. बायकोने ती ओढून घेतली आणि पुढची दहा मिनिटं आमच्याशी बोलली नाही. तिच्या माहेरी अळूत शेंगदाणे घालतात. खेकडा घालायचं आपल्या लोकांना आजवर कसं सुचलं नाही, याचंच तिला दुःख झालेलं दिसत होतं.

मग आली संकष्टी. साबुदाणा आणला नव्हता. मी मनात म्हटलं, आता कळेल. पण बाजारात कसाव्हाचे ढीग लागले होते. आपला साबुदाणा याच कंदापासून होतो, हे तिला ठाऊक होतं. "मुलगी चालते तर आई का नाही चालणार?" असं म्हणून तिने कसाव्हाचा 'पोन' घेतला. किसलेला कंद, ओलं खोबरं, साखर, दालचिनी घालून भाजलेली वडी. दोन तुकडे खाऊन तिने उपास मोडला नाही असं जाहीर केलं. चंद्रोदयाचा घोळ तेवढा राहिला. कॅलेंडरातली वेळ मुंबईची. शेवटी ती गच्चीत जाऊन चंद्राची वाट बघत बसली. तो आला तेव्हा मी झोपलो होतो.

माराकास किनाऱ्यावरच्या 'बेक अँड शार्क'चं, म्हणजे बेकमध्ये घातलेल्या शार्कचं, मी फार सांगत नाही. बायकोने पहिल्या घासाला "मोरी आहे," म्हणून मासा ओळखला आणि ओळीने मांडलेल्या सगळ्या चटण्या वर ओतून घेतल्या. मी लसणीची तेवढी घेतली. तीही आधी बोटाला लावून, चाखून.

निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा तोच कोपरा, तीच छत्री. डबल्सवाल्याने मला लांबूनच ओळखलं आणि हसू दाबलं. मी तोंड उघडायच्या आत बायको पुढे झाली.

"टू डबल्स. वन मीडियम." मग माझ्याकडे मान वळवून, आवाज जरा खाली आणत, "ही... नो पेपर."

"नो प्रॉब्लेम, डूडू," तो म्हणाला, आणि शाळेच्या पोरांना देतात तशी वर थोडी जास्तीची काकडी घालून त्याने माझा डबल्स माझ्या हातात ठेवला. हात पुसायला मी त्याच्याकडे टिश्यू मागितला.