सेटिंग्जच्या आतली सेटिंग्ज

"आपले तिकीट बंद करण्यात आले आहे. कारण : युजरला मार्गदर्शन केले." असा मेल आलाय मला ऑफिसच्या हेल्पडेस्ककडून. मार्गदर्शन! कोणी कोणाला केलं ते सांगतेच आता.

तक्रार साधी होती. लांबलचक मीटिंगमध्ये माझं काही काम नसतं तेव्हा मी माइक बंद करून बाजूला गाणी लावते (हेल्पडेस्कला मी "ट्रेनिंगचा व्हिडिओ" असं सांगितलं). तर कॉल सुरू झाला रे झाला की गाण्याचा आवाज पार तळाला. स्लायडर बघावा तर शंभरवर. सेटिंग्ज उलटीपालटी करून झाली, शेवटी फोन लावला. पलीकडे एक अतिशय नम्र मुलगा, आणि नम्र माणसाशी भांडता येत नाही हा वेगळाच त्रास.

"मॅडम, सेटिंग्ज उघडा. सिस्टीम, मग साउंड."

"तिथेच बसलेय मगासपासून. कंट्रोल पॅनेलमध्ये बघू का? तिथे असायचं काहीतरी."

तो हसला. म्हणजे अगदी मोठ्याने नाही, पण मी टेपरेकॉर्डरचं नाव काढल्यासारखा हसला.

"ते जुनं झालं मॅडम. आता कोणी वापरत नाही. सगळं सेटिंग्जमध्ये आलंय."

"बरं."

"खाली या. अजून खाली. अजून. मोअर साउंड सेटिंग्ज दिसतंय?"

"दिसतंय."

"त्यावर क्लिक करा."

केलं. मी सगळीकडे डार्क मोड लावलेला, डोळ्यांना बरं म्हणून, आणि त्या काळोखात टपकन एक छोटीशी पांढरीफटक खिडकी उघडली.

"अहो, ही तर कंट्रोल पॅनेलवालीच खिडकी."

"नाही मॅडम, ही सेटिंग्जमधली आहे."

"वर चार टॅब आहेत, प्लेबॅक, रेकॉर्डिंग, साउंड्स, कम्युनिकेशन्स. मी ओळखते हिला."

"मॅडम, तुम्ही आत्ता कुठून आलात?"

"म्हणजे?"

"क्लिक कुठे केलंत?"

"सेटिंग्जमध्ये."

"मग सेटिंग्जचीच ना ती."

यावर काय बोलणार? मी इरेला पेटून दुसऱ्या बाजूने कंट्रोल पॅनेल उघडलं, त्यातलं साउंड उघडलं, आली की तीच खिडकी. त्याला सांगितलं. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "हां, तिकडूनही जाता येतं, पण ती पद्धत चुकीची आहे." खिडकी तीच, टॅब तेच, बटणं तीच, फक्त जुन्या दाराने आलं की चूक!

शेवटी कम्युनिकेशन्स टॅबमध्ये मीच घुसले. तिथे लिहिलंय, कॉल चालू आहे असं सिस्टीमला कळलं की इतर सगळे आवाज 80 टक्के कमी करायचे, आणि हे आधीपासूनच निवडलेलं असतं. मला न विचारता. माझ्या लॅपटॉपवर तरी सेटिंग्जच्या नव्या पानावर याचा उल्लेखसुद्धा नाही. खालचा 'काहीही करू नका' हा पर्याय निवडला, ओके केलं, गाणं खणखणीत. मुलगा म्हणाला, "अरे वा, हे असं पण असतं का?" आणि तिकीट बंद. मार्गदर्शन केले.

आता ज्या सिस्टीमबद्दल मी बोलतेय तिचं नाव घेत नाही, घेतलं की लगेच अपडेट मागेल. पण ओळखाल तुम्ही, नावातच खिडक्या असलेली ती. कंट्रोल पॅनेल तिच्या अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे, 1985 पासून. नवीन सेटिंग्ज आली 2012 ला, आठव्या आवृत्तीत, म्हणजे आठवीत. नववी त्यांनी काढलीच नाही, आठवीतून डायरेक्ट दहावी, 2015. अकरावी 2021. एवढ्या वर्गांत जुन्याचं सामान काही पूर्ण हललं नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या मदतीच्या पानावर आलं की कंट्रोल पॅनेल मोडीत काढायचं काम चालू आहे, बातम्या झाल्या, लोकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या, आणि मग ते वाक्यच बदललं : त्यातल्या बऱ्याच सेटिंग्ज नव्या ॲपमध्ये हलवण्याचं काम चालू आहे. चालू आहे! निरोपसमारंभ झालेल्या हेडक्लार्कला रोज बोलावून आणायचं, कारण फाइल कुठंय ते त्यालाच माहीत, तसलं हे प्रकरण.

तात्पुरतं हा शब्द कॉम्प्युटरवाल्यांनी वापरला की घाबरावं. डिस्क फॉरमॅट करायची ती उभी खिडकी आठवते? त्याच कंपनीतल्या डेव्ह प्लमर नावाच्या इंजिनिअरने स्वतः सांगितलंय की ती त्यांनी 1994 च्या शेवटी तात्पुरती म्हणून बनवली होती, चांगली नंतर येईल या भरवशावर. अजून तीच आहे.

मला कळतं हो की जुनं एकदम काढता येत नाही. इतर कंपन्यांच्या ड्रायव्हर्सनी (प्रिंटर, स्पीकर वगैरे चालवणाऱ्या प्रोग्रॅमनी) आपापली पानं त्यात चिकटवलेली असतात, ऑफिसांच्या जुन्या स्क्रिप्टी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फायली, त्यातल्याच जुन्या नावांवर चालतात, काढलं तर बोंब होईल. नका काढू. पण मग त्याला जुनं जुनं म्हणून हिणवू तरी नका, आणि रंगरंगोटी आधी, काम नंतर हा उद्योग थांबवा. नव्या पानावर एवढी मोकळी जागा आहे की बोट दुखेपर्यंत स्क्रोल करावं लागतं, आणि तळाशी काय, तर जुन्याची लिंक. प्रत्येक अपडेटला ती लिंक इकडची तिकडे, कधी नावात 'मोअर', कधी 'ॲडिशनल', कधी 'रिलेटेड', आणि शोधायची कोणी, तर आम्ही. त्या शोधाशोधीचा वेळ कुठल्या तिकिटात लिहायचा?

आता मी रन (नाव टाइप करून थेट काहीही उघडायची छोटी चौकट) उघडते आणि एमएमसिस डॉट सीपीएल टाइप करते. खिडकी थेट समोर, मध्ये कोणी नाही. हे नाव मी त्या मुलालाही सांगितलं होतं फोनवर, तेव्हा म्हणाला, "हे नका वापरू मॅडम, ऑफिशियल नाही."

आज दुपारी त्याचा चॅटवर मेसेज : मॅडम, ते एमएम काहीतरी होतं ना, जरा पाठवता का, आमच्या मॅनेजरचं तसंच झालंय.

पाठवते. मीटिंग संपली की.