शहामृगानं केलेला घात

बोट दाबून बघत डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं?"

"शहामृगानं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चावलं?"

"नाही हो. मी त्याला उडवत होतो."

मग सगळं सांगावंच लागलं. शिकागोला मुलीकडे गेलो होतो. चौथ्या दिवशी जावईबापू म्हणाले, "बाबा, इथे जवळच जुन्या व्हिडिओ गेम्सचं दालन आहे, चला." जावयाला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही. गेलो. कपाटाएवढी यंत्रं भिंतीला टेकून रांगेत उभी आणि सगळी एकाच वेळी किंचाळत होती. त्यातल्या 'जाऊस्ट'पुढे त्यांनी मला आणि आमच्या हिला उभं केलं. ह्याच शिकागोच्या विल्यम्स कंपनीनं 1982 साली काढलेला खेळ. जॉन न्यूकमर नावाच्या गृहस्थांच्या डोक्यातून निघालेला.

आता युरोपातले जुने सरदार घोड्यावर बसून, भाले रोखून एकमेकांच्या अंगावर जात, त्यालाच 'जाऊस्ट' म्हणतात, हे मला माहीत होतं. 1559 साली फ्रान्सचा राजा दुसरा आन्री ह्याच खेळात गेला. भाल्याची ढलपी डोळ्यात घुसली, आणि तीसुद्धा लेकीच्या लग्नाच्या समारंभात! पण न्यूकमरसाहेबांनी घोडा काढून टाकला आणि सरदाराला बसवलं शहामृगावर. आणि ते शहामृग उडतं. शाळेत 'न उडणारे पक्षी' म्हणून आम्ही जे पाठ केलं होतं, त्याचं पहिलंच नाव.

माझ्या वाट्याला शहामृग आलं, हिच्या वाट्याला करकोचा. शत्रू गिधाडांवर बसून येतात. दांडी डावी-उजवी हलवायची आणि एकच बटण. दाबलं की पक्षी एकदा पंख मारतो. दहा वेळा दाबलं तर दहा वेळा. टक्कर झाली की ज्याचा भाला वर तो जिंकला, सारखे असले तर दोघंही मागे फेकले जातात. नियम संपले. हे सगळं पोराटोरांचं काम आहे असं मला वाटलं, आणि तिथेच घात झाला.

मी बटण बडवायला घेतलं. शहामृग थेट छताला. सोडलं, तर दगड टाकल्यासारखं खाली. खाली लाव्हा, आणि त्या लाव्ह्यातून एक हात वर येतो न् पाय धरून ओढतो. बडव बडव बडवलं, बोट सुजलं, हात काही सोडेना. शेजारी ही मात्र मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा तशी टुक… टुक… टुक. करकोचा हवेत जागच्या जागी तरंगतोय. गिधाड खालून आलं की ही अलगद त्याच्या डोक्यावर. पडलेल्या शत्रूचं अंडं होतं. ते वेळेत उचललं नाही तर फुटून पुन्हा सरदार निघतो. अंडी उचलण्यात हिचा हात कोण धरणार! भाजी मंडईतून टोपलीभर आणल्यासारखी गोळा करत होती.

दुसऱ्या फेरीत तर एकमेकांना पाडलं नाही तर दोघांनाही तीन हजार गुण मिळतात. मी म्हटलं, "अगं, जरा सांभाळून."

"अहो, तुम्हीच खालून येताय!"

पुढचं सांगत नाही. पस्तीस वर्षांचा संसार, आणि मला पाडलं ते तिनंच, सवयीनं.

पुढे एका फेरीत तर जोडीदाराला पाडण्याचंच बक्षीस असतं, तेही तीन हजार. ती सूचना ही चष्मा लावून वाचत होती, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्तानं सटकायला बघत होतो. जावयानं धरून आणलं. "बाबा, टेरोडॅक्टाइल यायचाय अजून!" रेंगाळलात तर हा लांब चोचीचा राक्षस येतो. मारायचा तर उघड्या तोंडात नेमका भाला घालायचा. मी रेंगाळतच होतो, त्यामुळे तो आला. मी वाचलो असतो, पण हिला आधी तीन हजार हवे होते.

डॉक्टर बराच वेळ बोटाला पट्टी गुंडाळत राहिले. खांदे हलत होते त्यांचे. "पंधरा दिवस आराम. मोबाइलसुद्धा डाव्या हातानं." मग हळूच विचारलं, "बरं, शेवटी वर कोण राहिलं?"

दार उघडून ही आत आली. "अहो, फाइल बाहेरच विसरलात."

मी स्टुलावर बसलेलो होतो. ती उभी होती.